बाण

सातवी ब. चौथा तास.
फळ्यावर तीन गोल, गोलांमधून बाण:
झिजणं, साठणं, दबणं, वितळणं, पुन्हा थिजणं.
खडू मोडला. पहिल्या बाकावरून प्रश्न,
"मॅडम, खडू म्हणजे खडकाचं पिल्लू काय ओ?"
खडू, खडा, खडी, खडक.
भाषेनं माझं अर्धं काम आधीच करून ठेवलंय.

अभिनंदन चौगुलेच्या मळ्यात गुऱ्हाळ चालतं.
त्याला दोन गोष्टी आणायला सांगितल्या होत्या:
गार ताटलीवर ओतून झटकन थिजवलेला पाकाचा पापुद्रा,
आणि माळ्यावर विसरलेली गेल्या हंगामातली काकवीची बाटली.
पापुद्रा काचेसारखा, दाणा म्हणून नाही.
बाटलीच्या तळाशी मात्र खडे, तांदळाएवढे.
"घाई केली की गुळगुळीत, सवड दिली की दाणेदार.
लाव्ह्याचंही असंच."
पापुद्रा हातोहात मागच्या बाकाकडं निघाला,
तिथं पोचेपर्यंत अग्निज खडक संपला होता.

गाळासाठी लांब जावं लागलं नाही.
प्रयोगशाळेच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात
पंचगंगेनं आणून टाकलेला चिखल अजून तसाच आहे.
वासामुळं कुणी उघडत नाही.
चाकूनं वडी कापावी तसा तुकडा कापला.
तळाला एकोणीसचा पूर, वर एकवीसचा,
मधे केसाएवढी काळी रेघ.
"ही रेघ म्हणजे काय?"
"दोन वर्षं," समीना म्हणाली,
"त्यात आमची दुसरी गेली, मोबाइलवर."

रूपांतरितासाठी माझ्या ओट्याचा उरलेला संगमरवर.
हा आपल्याकडचा नाही, ट्रकनं येतो, सांगून टाकलं.
आपल्याकडं काळाच.
देवळाचा काळा, नदीघाटाचा काळा,
रंकाळ्याच्या कठड्याचा, जिथं तुम्ही भेळ खाता, तोही काळा.
"आणि माझ्या पाठीत बसला त्यो?" शेवटच्या बाकावरून.
हसले सगळे. मीही.

मग करिश्मा धोत्रे उभी राहिली.
टोपच्या खाणीत तिच्या आजोबांनी सुतकी मारली,
वडील क्रशरवर.
"आज्जा नुस्ती टिचकी मारून सांगायचा, कुठनं फुटंल ते."
"बरं."
"मॅडम, एक बाण ऱ्हायलाय."
"कुठला?"
"खाणीतनं दगड क्रशरला. क्रशरची खडी. खडीचा रस्ता.
आन् भुकटी उडती, ती."
थांबली. बोटानं बाकाची कड खरवडली.
"पप्पांच्या छातीत बसलीया.
सीपीआरमधे फोटू दावला. पांढरं पांढरं.
थरच की ओ त्ये."

मी पुस्तकाकडं पाहिलं. तिथं नसणार हे माहीत होतं, तरी.
पान शहाण्णव, रंगीत आकृती,
एक डोंगर, एक नदी, एक ज्वालामुखी.
माणूस कुठंच नाही.

काळ्या गोलातून एक बाण बाहेर काढला,
इतर बाणांसारखा वळवून परत आणायला गेले
तर हात वळेना.
सरळ गेला. फळा संपला,
तरी लाकडी चौकटीवर चढला.
टोक द्यायच्या आत घंटा.

करिश्मानं वहीत तेवढाच उतरवून घेतला,
पट्टी लावून. मला म्हणाली,
"ह्याचं नाव काय लिव्हू?"
"उद्या सांगते."

पाचव्या तासाला हिंदीच्या कांबळे सरांनी फळा पुसला.
डस्टर चौकटीवर फिरत नाही,
त्यामुळं वीतभर रेघ राहिली तिथं, बिनटोकाची.
दुसऱ्या दिवशी मी डस्टर उचललं,
नेहमीसारखं टेबलावर आपटणार,
तर खिडकीपाशी गेले, हात बाहेर काढला,
आणि तोंड फिरवून झटकलं.
वर्गात कुणी काही बोललं नाही.
करिश्मा वहीचं पान उघडून बसली होती.